मावळातील शिबंदी आणि गुन्ह्याचा शिक्का

मार्च १८१८ मध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांच्या हाती पडले आणि पेशवाई बुडाल्यावर किल्ल्यांवरील शिबंदी, म्हणजे पगारी स्थानिक फौज, मोडली गेल्याने सह्याद्रीतील कोळी-रामोशांचे पिढीजात उत्पन्न आटले. समाजमान्य उद्दिष्टे तशीच राहून त्यांच्याकडे नेणारे वैध मार्ग बंद झाले की गुन्हा संभवतो, हा रॉबर्ट मर्टन यांचा १९३८ मधील ताण-सिद्धान्त येथे बराचसा लागू पडतो. मात्र १८७३ च्या सुमारास होन्या कोळ्याच्या टोळीने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात सावकारांनाच लक्ष्य केले आणि १८७५ मध्ये सुप्याच्या कुणब्यांनी कर्जाचे कागद हिसकावून जाळले, याला निव्वळ लूट म्हणणे सरकारी दप्तरालाच शोभावे. रामोशी तर गावचा जागल्या. चोरीचा माग त्याने काढायचा, तो न लागल्यास भरपाईही त्यानेच द्यायची, अशी जुनी रीत होती. पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुंबई इलाख्यातही जन्मावरून गुन्हेगार ठरवून पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती करता येऊ लागली. असा शिक्का माणसाला रोजगारापासून तोडून पुन्हा गुन्ह्याकडेच ढकलतो, असे नामांकन-सिद्धान्त सांगतो. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावोगावचा संशय टिकून राहिला.