रोजच्या गोळीचा वर्ध्यातला इतिहास



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. ज्यांना बीपीची किंवा शुगरची गोळी सुरू आहे, त्यांनी हात वर करा. बरेच हात वर झाले. मग विचारलं, काल गोळी घेतली का? हात एकेक करत खाली आले. मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "मले काही होतच नाही, तं गोळी कायले खाऊ?"

एरवी अशा बोलण्यावर बैठकीत हसू फुटतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्याच गटातल्या दुसऱ्या एका काकूंनी गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत गोळी बंद केली होती. बरं वाटत होतं, दवाखान्यात जायचं तर रोजी बुडत होती. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. पूर्वी त्या रजिस्टरवर ठसठशीत सही करायच्या. आता डाव्या हाताचा अंगठा लावतात.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही गटांच्या सहयोगिनी. पण त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं, की ही रोजची गोळी आपल्याकडे आली कशी आणि ती सुटते का, हे नीट वाचून, विचारून समजून घ्यायचं. तेव्हा कळलं, की रोज औषध घेण्याचा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याला काही नवा नाही.

सुरुवात सेवाग्रामपासून करू. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या प्रकृतीच्या नोंदींचं पुस्तक काढलं. त्यात २६ ऑक्टोबर १९३७ चा रक्तदाब १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० चा २२०/११० असा दिला आहे. आज उपकेंद्रात कोणाचा एवढा बीपी निघाला, तर आशाताई त्या माणसाला एकटं घरी जाऊ देणार नाही. आणि गांधीजींचं वजन किती? पन्नास किलोसुद्धा नाही. पायी चालणं रोजचं, जेवण मोजकं. म्हणजे "मी तर बारीक आहे, मला कुठला बीपी" हे म्हणणं इथेच खोटं ठरलं.

त्या काळी बीपीवर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. विश्रांती, मौन, पथ्य आणि सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती, एवढंच हाती होतं. याच सर्पगंधेवर मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी काम केलं. त्यांचा लेख १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात आला आणि जगभरच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. पुढे त्याहून चांगल्या गोळ्या आल्या. (म्हणून कोणी आता सर्पगंधेची मुळी आणून उगाळू नका. तिचं प्रमाण चुकलं तर अपाय होतो.)

औषध सापडलं, पण ते रोज घ्यायचं कसं? हा धडा वर्ध्याने दुसऱ्या एका आजारात गिरवला. तो आजार म्हणजे कुष्ठरोग.

१९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९३९ साली परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. मग १९४० च्या दशकात डॅप्सोनची गोळी आली. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं, त्याचं मुख्य ठाणं वर्ध्यालाच. तिथल्या डॉ. रा. वि. वारदेकरांनी कामाची एक रीत बसवली. रोग्याने दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने गावोगाव जायचं, घरोघर तपासणी करायची, लोकांना समजावून सांगायचं आणि गावाजवळच औषध द्यायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. ही रीत पुढे देशभर गेली.

आता यातलं साम्य बघा. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा दुखत नाही, खाजत नाही. बीपीही दुखत नाही. डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यावं लागे, काहींना तर जन्मभर. आपल्या गोळीचंही तसंच. तेव्हाही लोक मध्येच गोळी सोडत. बरं वाटलं म्हणून, शेतीचा हंगाम आला म्हणून, शेजारणीला कळेल या भीतीने. त्याचं फळ वाईट आलं. १९६० च्या दशकात डॅप्सोनला न जुमानणारे कुष्ठरोगाचे जंतू सापडले. एकच औषध आणि तेही अनियमित, हे त्याचं मोठं कारण होतं.

तेव्हा डॉक्टरांनी रोग्यांना नुसती दूषणं दिली असती, तर तिथेच सगळं अडलं असतं. त्यांनी औषध देण्याची पद्धतच बदलली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकाऐवजी दोन-तीन औषधं मिळून द्यायला सांगितलं. ही बहुऔषध पद्धत देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला वर्धा होता. महिन्यातून एक मात्रा कार्यकर्त्यासमोर घ्यायची, बाकीच्या घरी. पुढे अठ्ठावीस दिवसांचं पाकीट आलं, ज्यात दिवसागणिक गोळी वेगळी लावलेली असते. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळतं, कालची गोळी पाकिटातच राहिली. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं.

असंच क्षयरोगाचं. १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही रोग्यांना रुग्णालयात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिलं. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. म्हणजे पलंग आणि पौष्टिक जेवण यांच्याहून औषध नियमित पोटात जाणं महत्त्वाचं ठरलं. गरिबाच्या घरातही ते होऊ शकतं, पण कोणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं.

आता आपल्या आजाराकडे येऊ. डॉक्टर याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाच गोष्टी मोजतात. बाईची कंबर ८० सेंटीमीटर किंवा जास्त, पुरुषाची ९०. बीपी १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा वर. आणि चांगलं कोलेस्टेरॉल बाईत ५० च्या, पुरुषात ४० च्या खाली. पाचांपैकी तीन जुळल्या की हा विकार. यातली गोम अशी, की एकाच बाईला तीन-चार तऱ्हेच्या गोळ्या लागू शकतात आणि तरी तिला दुखत काहीच नाही. मग ती सोडते कोणती? आमच्या गटांत बघितलं तर जी महाग, ती आधी सुटते.

२००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नावर एक अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा लांबच्या आजाराचे साधारण निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं त्यात म्हटलं आहे. गरीब देशांत त्याहून कमी. म्हणजे हा आपल्या बायांचा अडाणीपणा नाही. त्या अहवालाने आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली. दोष एकट्या रोग्यावर टाकू नका. पैसा, दवाखान्याचं अंतर, डॉक्टरांचं वागणं, औषधांची संख्या, आजाराचं स्वरूप, हे सगळं त्यात येतं.

पैशाचं बोलायचं तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने फार आधी एक वाट दाखवली होती. सुगीच्या वेळी गावातल्या घरांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी वर्गणी म्हणून द्यायची आणि वर्षभर गावाला उपचाराचा आधार मिळायचा. आपल्या बचत गटाचाच हा चुलत भाऊ म्हणा ना!

आणि बीपीचं म्हणाल तर २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. त्यातली सूत्रं ऐकली की कुष्ठरोगाचे दिवस आठवतात. ठरलेली मोजकी औषधं, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळचं केंद्र, प्रत्येकाच्या नावाची नोंद आणि न आलेल्याला फोन.

एक फरक मात्र लपवून चालणार नाही. कुष्ठरोगाची गोळी एक दिवस संपते. बीपी-शुगरची बहुतेकींची संपत नाही. कोणी कार्यकर्ता जन्मभर रोज आपल्या दारात येणार नाही. म्हणून ते काम घरातल्या माणसांनी आणि गटाने करायचं.

आमच्या गावांत आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. बैठकीत हप्त्याची नोंद झाली की दुसरा प्रश्न गोळीचा. रागावायचं नाही, फक्त विचारायचं, का सुटली? पैसे नव्हते असं उत्तर आलं, तर सरकारी केंद्रातून किंवा स्वस्त जेनेरिक दुकानातून ती मिळते का ते एकीने बघून यायचं. दुसरं, वेचणीच्या आधी महिन्याच्या गोळ्या आणून ठेवायच्या. एकीने जायचं, चौघींची कार्डं न्यायची, चालतं का ते केंद्रात आधी विचारायचं. तिसरं उपासाचं. श्रावण, एकादशी, नवरात्र आलं की बाया गोळीही सोडतात, नाहीतर उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन चक्कर येऊन पडतात. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मनाने गोळी बंदही करायची नाही आणि वाढवायचीही नाही. नवऱ्याची गोळी संपली म्हणून आपली त्याला द्यायची, हेही नाही.

त्या मागे बसलेल्या काकू परवा भेटल्या. म्हणाल्या, "घेतो माय आता, पण तुमी इचारता म्हून घेतो." आम्ही म्हटलं, असू द्या. आम्ही विचारत राहू.

लकवा झालेल्या काकू बैठकीला येतात. डाव्या हाताने सही गिरवायला शिकताहेत. अक्षर अजून वाकडं येतं. पण त्यांच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट असतं आणि बैठक सुरू व्हायच्या आधी त्या ते सगळ्यांना काढून दाखवतात.

तुमच्याही गटात हा प्रश्न विचारून बघा.