वळवाच्या पावसानंतर अंगणात साप-विंचू का निघतात? दंश झाल्यास काय करायचं?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि अधूनमधून वादळवाऱ्यासह वळीव कोसळतो. याच दिवसांत अंगणात, न्हाणीत किंवा सरपणाखाली साप-विंचू निघाल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. हे जीव घराजवळ का येतात आणि त्यातल्या कुणापासून सावध राहायचं?

घराकडे का येतात?

मराठवाड्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. या भेगा, उंदरांची बिळं आणि दगडांच्या सांदी हा अनेक जीवांचा उन्हातला आसरा. जोराचा पाऊस झाला की त्यात पाणी शिरतं आणि आतले जीव बाहेर पडतात. त्याच वेळी जमिनीत दडलेले बेडूक वर येतात, दिव्याभोवती किडे जमतात. घरात धान्य असलं की उंदीर असतातच. म्हणजे साप माणसाच्या मागावर नसतो. त्याला गारवा, आडोसा आणि भक्ष्य हवं असतं.

विषारी कोणते?

आपल्याकडे जीवघेण्या सर्पदंशांना मुख्यतः चार साप कारणीभूत ठरतात.

• नाग: डिवचल्यावर फणा काढतो.
• घोणस: जाडजूड, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार.
• फुरसे: लहान, खडकाळ भागात, अंग घासून करवतीसारखा आवाज करते.
• मण्यार: काळपट, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्री फिरते.

धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी. कवड्या आणि मण्यार यांच्यात मात्र हमखास गफलत होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. शंका असेल तर विषारीच समजा.

मण्यारीचा धोका वेगळा का?

उकाड्यामुळे अनेकजण अंगणात किंवा खाली जमिनीवर झोपतात. मण्यारीचा दंश बहुधा झोपेतच होतो. तो फारसा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, उलटी, पापण्या जड होणं, गिळायला किंवा बोलायला त्रास होणं अशी लक्षणं दिसली तर अपचन समजून वेळ घालवू नका. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं हा साधा, पण मोठा बचाव आहे.

विंचू

मोठ्या काळ्या विंचवापेक्षा लहान लाल विंचू जास्त घातक. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची चिन्हं. त्याच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडमध्ये रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध प्रभावी असल्याचं दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

साप चावल्यास

• रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला अवयव हलवू नका.
• अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. वेळ लक्षात ठेवा.
• कापणं, चोखणं, दोरी आवळणं, झाडपाला, मंत्र यात वेळ घालवू नका.
• १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरला शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय ही मोठी केंद्रं आहेत. दूरच्या गावांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावं.
• साप पकडण्यासाठी थांबू नका. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर चालते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. उपचाराला उशीर हे त्यामागचं एक मोठं कारण.

अंगणात काय कराल?

सरपण, तुराट्या, कडबा आणि विटांचे ढीग भिंतीला लावून रचू नका. ढिगात थेट हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. बूट-चपला झटकून घाला, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. पाखरांसाठीचं पाणी उंचावर ठेवा.

साप दिसला तर लांब उभं राहून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. सापांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय धान्य फस्त करणारे उंदीर तेच आटोक्यात ठेवतात.