बारा जानेवारीचा हिशेब

१२ जानेवारीला दिवस उजाडायच्या आतच सिंदखेडराजात राजवाड्याकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या वाड्याचं दगडी महाद्वार मुंबई-नागपूर रस्त्यावरून सहज नजरेत भरतं. आत म्हाळसा महाल म्हणून जी जागा दाखवतात, तिथे जिजाऊंचा जन्म झाला असं मानतात. सूर्योदयाला तिथे महापूजा होते आणि मग गर्दी गावाबाहेरच्या जिजाऊ सृष्टीकडे वळते. तिथे भाषणं असतात, पोवाडे असतात आणि पुस्तकांचे स्टॉल असतात. पुस्तकांभोवतीची झुंबड पाहिली, तर ही जत्रा इतर जत्रांहून वेगळी आहे हे कळायला वेळ लागत नाही.

त्याच दिवशी राज्यभरातल्या शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत एका टेबलावर दोन तसबिरी शेजारी-शेजारी मांडल्या जातात. एक राजमाता जिजाऊंची, दुसरी स्वामी विवेकानंदांची. हार दोन, उदबत्ती एकच, प्रास्ताविकही एकच. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा, विवेकानंदांचा १२ जानेवारी १८६३चा. एकाच तारखेचा हा योग वक्त्यांना फार आवडतो.

पंचांग उघडलं, की हा योग लगेच मोडतो. जिजाऊंची जन्मतिथी पौष पौर्णिमा, शके १५१९. विवेकानंदांची पौष वद्य सप्तमी. तिथीने पाळायचं ठरवलं, तर या दोन जयंत्या कधीच एका दिवशी येणार नाहीत; मध्ये आठवडा राहणारच. पौर्णिमेला जिजाऊंच्या शेजारी विवेकानंद नसतात, शाकंभरी देवीचा उत्सव असतो.

आणखी एक गोम आहे. या दोन १२ जानेवारी एकाच दिनदर्शिकेतल्या नाहीत. १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी यांनी जुनी ज्युलियन दिनदर्शिका दुरुस्त केली आणि दहा दिवस गाळले. पोर्तुगिजांनी ती दुरुस्ती लगेच उचलली, इंग्रजांनी मात्र १७५२पर्यंत जुनंच चालू ठेवलं. शिवकाळातल्या तारखा आपल्या पुस्तकांत सहसा जुन्या, ज्युलियन पद्धतीने छापल्या जातात. शके १५१९ची पौष पौर्णिमा ज्युलियन हिशेबाने १२ जानेवारीला येते. आज भिंतीवर टांगतो त्या दिनदर्शिकेने मोजलं, तर तो दिवस २२ जानेवारी १५९८, गुरुवार. विवेकानंदांची तारीख मात्र आजच्याच दिनदर्शिकेतली. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि राज्याभिषेकाची ६ जून यांचीही हीच गत आहे. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरात साजरी होत असे, ती याच घोळामुळे.

पंचांग आणि इंग्रजी तारीख यांची सांगड कायम राहत नाही, याला संक्रांतही साक्ष देते. विवेकानंद जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती. तेव्हा ती १२ जानेवारीच्या आसपास येत असे. सरकत सरकत आता १४-१५वर पोचली आहे.

मग तारीखच का रुजली? विवेकानंदांच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष ठरवलं होतं. भारत सरकारने १९८४मध्ये १२ जानेवारी हा राष्ट्रीय युवा दिन म्हणून जाहीर केला आणि १९८५पासून तो पाळला जाऊ लागला. बेलूर मठात मात्र त्यांची जयंती अजूनही तिथीनेच होते. सिंदखेडराजाच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते १९९०मध्ये स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाने. १२ जानेवारी २००५ला इथेच शिवधर्माचं प्रकटन झालं. वैदिक कर्मकांड नाकारणाऱ्या या चळवळीला पंचांग न उघडता ठरणारा दिवस सोयीचाच होता. गावोगावहून गाड्या करून येणाऱ्यांचीही त्यात सोय झाली: रजेचा अर्ज वर्षभर आधी टाकता येतो.

सिंदखेडराजाच्याच बुलढाणा जिल्ह्यात शेगावचा रिवाज उलटा. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकटले, पण ती तारीख शेगावात कोणी पाळत नाही. प्रकट दिन माघ वद्य सप्तमीचा. इंग्रजी तारीख कुठलीही येवो, दिंड्या तिथी धरूनच निघतात.

१२ जानेवारीच्या पानावर आणखीही नोंदी आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, चितगावचे क्रांतिकारक सूर्य सेन यांनाही फाशी झाली. गायक कुमार गंधर्व यांचं देवासला निधन झालं तेही १२ जानेवारीलाच, १९९२ साली. दोन तसबिरींच्या टेबलावर यांना सहसा जागा मिळत नाही. निदान सोलापूरच्या चौघांची नावं त्या दिवशीच्या प्रास्ताविकात यायलाच हवीत.

तिथीवाल्यांना आणि तारीखवाल्यांना सिंदखेडराजात एकत्र यायचं असेल, तर २०२८ची नोंद करून ठेवावी. त्या वर्षी पौष पौर्णिमा १२ जानेवारीलाच आहे.