कानाच्या यंत्राचीही आगोट हवी

रत्नागिरीत मे महिना सरत आला की घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. मीठ, मसाला, आमसुले, सुकी मासळी डब्यांत बंद होते, कौले सारखी केली जातात, छत्र्या दुरुस्तीला जातात. घरातील एक वस्तू मात्र या यादीतून हमखास राहून जाते. ती म्हणजे आजोबांच्या किंवा आजींच्या कानातले यंत्र. जूनचा पाऊस स्थिरावला की ते खरखरू लागते, मग अधूनमधून बंद पडते आणि गणपती येईपर्यंत टेबलाच्या खणात जाऊन विसावते. ‘यंत्र बिघडले’ असा निकाल घरात लागतो. वस्तुतः अनेकदा बिघडलेले काहीच नसते. यंत्रात ओल शिरलेली असते, टोकाशी कानातला मळ अडकलेला असतो किंवा सेल संपलेला असतो.

हा प्रश्न केवळ एका उपकरणाचा नाही. मुले मुंबई-पुण्यात आणि घरी दोघेच वृद्ध, हे चित्र कोकणात नवे नाही. संध्याकाळी येणारा फोन हाच अशा घरांचा जगाशी असलेला धागा. तो ऐकू येईनासा झाला की माणूस आधी ‘हो, हो’ म्हणत वेळ मारून नेतो, नंतर फोन दुसऱ्याच्या हाती देतो आणि हळूहळू बोलणेच टाळतो. ऐकू न येणे आणि एकटेपणा यांचा संबंध जुनाच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये केली आहे. त्यामुळे खणात पडलेले यंत्र पुन्हा कानावर येणे महत्त्वाचे ठरते.

ध्वनिवर्धक आणि श्रवणयंत्र

बाजारात ‘कानाची मशीन’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे वैयक्तिक ध्वनिवर्धक, अर्थात अॅम्प्लिफायर. खिशात ठेवायची छोटी डबी व तिला जोडलेली वायर, किंवा कानामागे अडकवायचे तयार यंत्र, अशा रूपांत तो मिळतो. समोर येणारा आवाज मोठा करणे एवढेच त्याचे काम. दुसरी वस्तू म्हणजे श्रवणयंत्र. कानाची तपासणी करून काढलेल्या आलेखानुसार, म्हणजे ऑडिओग्रामनुसार, ते त्या व्यक्तीसाठी बसवले जाते. ज्या पट्टीतील आवाज ऐकू येत नाहीत तेवढेच ते वाढवते आणि अचानक आलेला मोठा आवाज आवरून धरते.

हा फरक समजण्यासाठी बाजारातले एक उदाहरण पुरेसे आहे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीतील आवाज आधी हरवतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत येतात. मासळीवाली ‘साठ’ म्हणते तेव्हा वृद्धाच्या कानी ‘आठ’ पडते. स्वर पोहोचतो, ‘स’ पोहोचत नाही. अशा वेळी सगळाच आवाज वाढवला तर ‘आठ’ अधिक मोठ्याने ऐकू येते, ‘साठ’ नव्हे. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार यातूनच येते.

याचा अर्थ ध्वनिवर्धक निरुपयोगी आहे असा नाही. ऐकणे किंचितच कमी झाले असेल, शांत खोलीत समोरासमोर बोलायचे असेल किंवा दूरचित्रवाणी ऐकायची असेल तर त्याची मदत होते. मात्र तो तपासणीला पर्याय नाही. काही ध्वनिवर्धकांचा आवाज इतका वाढतो की उरलेल्या श्रवणशक्तीलाच इजा होऊ शकते. लहान मुलांसाठी तर तपासणीशिवाय असे यंत्र कधीही आणू नये. मुलाचे ऐकणे त्याच्या भाषेशी बांधलेले असते आणि वाया गेलेली वर्षे भरून काढणे कठीण असते.

वापरण्याची रीत

यंत्र घालताना आधी आवाज अगदी कमी करावा, टोक कानात नीट बसवावे, मग यंत्र सुरू करून आवाज हळूहळू वाढवावा. काढताना आधी बंद करावे, मग कानातून काढावे. हा क्रम उलटला की शिट्टी वाजते आणि नवा वापरकर्ता पहिल्याच दिवशी वैतागतो.

सुरुवातीचे काही दिवस घरातल्या शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तास-दोन तास यंत्र वापरावे. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, कौलांवरचा पाऊस हे वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम कानी येतात आणि नकोसे वाटतात. मेंदूला त्यांची पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात. त्यानंतर चारचौघांत आणि शेवटी बाजारपेठेत यंत्र वापरून पाहावे.

खिशातील यंत्र कापडाच्या आत ठेवल्यास कापड घासल्याचा आवाजच मोठा होतो. ते शर्टाच्या वा पदराच्या बाहेरच्या बाजूस अडकवावे आणि त्याचा माइक बोलणाऱ्याकडे असावा. कानामागील यंत्र असेल तर फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, यंत्राच्या माइकजवळ धरावा. ‘टी’ असे बटण असल्यास जुन्या पद्धतीच्या फोनवर ते उपयोगी पडते. मोबाइलचा स्पीकर सुरू करणे हाही सोपा मार्ग आहे.

शिमग्यात पालखीपुढे ढोल-ताशे वाजत असताना किंवा फटाके लागताना आवाज कमी करावा, साधा ध्वनिवर्धक असेल तर तो काढूनच ठेवावा. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. यंत्र घातलेल्या माणसाशी ओरडून बोलू नये. समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोलावे.

ओल, खारा वारा आणि तेल

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाऊस थेट यंत्रावर पडला नाही तरी हवेतील दमटपणा नळीत, माइकच्या छिद्रात आणि सेलच्या कप्प्यात शिरतो. मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा अशा किनाऱ्यालगतच्या वस्तीत खारा वारा आणि घाम यांची भर पडते. धातूच्या पट्ट्यांवर पांढरा वा हिरवट थर दिसू लागला की समजावे, गंज सुरू झाला. यंत्रावर ‘आयपी ६८’ असा शिक्का असला तरी ती चाचणी धूळ आणि गोड्या पाण्यापुरती असते. घाम आणि समुद्राचे पाणी त्यात मोजलेले नसते.

यावरचा उपाय साधा आहे. घट्ट झाकणाची बरणी आणि तीत सिलिका जेलचे दाणे. रात्री यंत्र कोरड्या मऊ कापडाने पुसावे, सेल काढून बाजूला ठेवावा, सेलच्या कप्प्याचे दार उघडे ठेवून यंत्र बरणीत ठेवावे. दाण्यांचा रंग बदलला, म्हणजे निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले, की ते ओल शोषून थकले असे समजून बदलावेत. चार्जिंगवर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत विक्रेत्याची सूचना पाहावी, कारण काहींच्या पेटीतच कोरडे करण्याची सोय असते.

भिजलेला मोबाइल तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय येथे करू नये. तांदळाचा भुसा बारीक छिद्रांत बसतो. ऊन, चुलीची धग, इस्त्रीची वाफ, केस वाळवण्याचे यंत्र हे सारे वर्ज्य. यंत्र पाण्यात पडलेच तर ताबडतोब बंद करून सेल काढावा, बाहेरून टिपावे आणि किमान एक दिवस-रात्र बरणीत ठेवूनच पुन्हा सुरू करून पाहावे.

खोबरेल तेल हाही यंत्राचा शत्रू आहे. केसांना तेल, अंगाला पावडर लावून झाल्यावर हात धुवावेत आणि मगच यंत्र कानावर चढवावे. कानातला साचा यंत्रापासून वेगळा होत असेल तर तो आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, नळीतील थेंब फुंकून, पूर्ण वाळवून पुन्हा जोडावा. यंत्र मात्र कधीही धुऊ नये. टोकावरचा मळ सोबत मिळालेल्या छोट्या ब्रशने, छिद्र खाली धरून झाडावा. सुई, टाचणी किंवा काडेपेटीची काडी वापरू नये, यंत्रातही नाही आणि कानातही नाही.

सेलचे गणित

कानामागील व कानातील अनेक यंत्रांत झिंक-एअर प्रकारचे सेल लागतात. त्यांचे आकार रंगाने ओळखता येतात. १० क्रमांकाला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी आणि ६७५ ला निळा. सेलवरचे स्टिकर काढले की हवा आत जाऊन तो जागा होतो आणि पुन्हा स्टिकर चिकटवले तरी झोपत नाही. म्हणून गरज असेल तेव्हाच स्टिकर काढावे आणि सेल यंत्रात बसवण्यापूर्वी काही मिनिटे, साधारण पाच, तसाच हवेत ठेवावा. ही घाई न करणाऱ्याचा सेल अधिक टिकतो. खिशातील यंत्रांत बहुधा साधा पेन्सिल सेल चालतो. यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तर तो काढून ठेवावा, अन्यथा गळून पट्ट्या खराब होतात.

नवे यंत्र घेताना विजेचाही विचार व्हावा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागांत अनेक दिवस वीज नव्हती. पावसात वीज जाणे हे जेथे नित्याचे आहे, तेथे केवळ चार्जिंगवर चालणारे यंत्र घेणाऱ्याने साठवण असलेली चार्जिंग पेटी किंवा पॉवर बँक जवळ ठेवणे शहाणपणाचे.

वापरलेले सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. सेल गिळला गेला किंवा नाकात अडकला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यंत्र रुसले तर

दुकान गाठण्यापूर्वी घरीच क्रमाने पाहावे.

आवाजच येत नाही: यंत्र सुरू आहे का, आवाज शून्यावर आहे का, सेल उलटा बसला आहे का, हे आधी पाहावे. मग नवा सेल घालावा. तरीही शांतता असेल तर टोकाला मळ आहे का ते तपासावे आणि मळ रोखणारी छोटी जाळी असल्यास बदलावी. खिशातील यंत्रात वायर हा कच्चा दुवा असतो. दुसरी वायर लावून पाहावी.

यंत्र जिवंत आहे का: सुरू करून बंद मुठीत धरावे. शिट्टी आली तर यंत्र चालू आहे, अडचण टोकाशी किंवा कानात आहे. नव्या डिजिटल यंत्रांत शिट्टी दाबण्याची सोय असते, त्यामुळे त्यांना ही खूण नेहमी लागू पडत नाही.

शिट्टी वाजते: टोक सैल बसले आहे, साचा जुना झाला आहे, नळी चिरली आहे, आवाज गरजेपेक्षा जास्त आहे किंवा कानात मळ साचला आहे. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

आवाज दबका किंवा तुटक येतो: नळीत पाण्याचे थेंब दिसतात का ते पाहावे, रात्रभर बरणीत ठेवावे. सकाळी ठीक आणि दुपारी पुन्हा तुटक, असे होत असेल तर कारण बहुधा घाम किंवा ओल.

खरखर होते: सेलच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात, बटण दोन-तीनदा फिरवून पाहावे. एवढे करूनही सुधारणा नसेल तर यंत्र उघडू नये, तंत्रज्ञाकडे द्यावे.

कुठे जावे

यंत्र ठीक असूनही ऐकू येईनासे झाले तर दोष कानात असू शकतो. एकाएकी एका कानाने ऐकू न येणे ही तातडीची बाब आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार मिळाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. कान वाहणे, दुखणे, चक्कर, फक्त एकाच कानात सतत आवाज होणे, अशा वेळीही आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग यंत्र.

रत्नागिरीत जिल्हा शासकीय रुग्णालय आहे आणि २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. यंत्र बसवणारा श्रवणतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. खरेदीपूर्वी घरी वापरून पाहण्याची मुदत, हमीचा काळ आणि दुरुस्तीची सोय जवळपास आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत.

आर्थिक अडचण असणाऱ्यांसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट असते. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपयांची तरतूद करण्यात आली आणि साधनांच्या यादीत श्रवणयंत्राचा समावेश होता. चालू नियमांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

एक बरणी, एक ब्रश, मऊ कापड आणि सेलचे एक जादा पाकीट. कानाच्या यंत्राची आगोट एवढीच आहे. वृद्धांची बोटे थरथरतात, नजर कमी असते, म्हणून हे काम घरातील नातवंडाने रोज रात्री करावे आणि घरी कोणी नसेल तर शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा डोकावावे. पाच मिनिटांच्या या कामामुळे श्रावणातही संध्याकाळचा फोन आजी स्वतः घेतील आणि पलीकडच्याला ‘हो, हो’ऐवजी खरे उत्तर मिळेल.