थकलेले हृदय आणि मनाचा चाबूक

तोंडी परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना आपापली नाडी मोजायला सांगा. एरवीपेक्षा दहा-वीस ठोके जास्त भरतील. मुले तर जागची हललेली नसतात. मग हृदयाला निरोप दिला कोणी?

याचा माग हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी काढला. १९११ मध्ये त्यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. आतड्याच्या स्नायूची पट्टी शांत मांजराच्या रक्तात आकुंचन पावत राही. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात मात्र ती सैल पडे. हा परिणाम अधिवृक्क ग्रंथींतून आलेल्या ॲड्रिनॅलिनचा होता. लढण्याची किंवा पळण्याची ही शरीराची तयारी होय, असे त्यांनी १९१५ च्या ग्रंथात मांडले.

निरोगी हृदयाला ही धावपळ पेलते. ‘हार्ट फेल्युअर’मध्ये तसे होत नाही. नावावरून हृदय बंद पडले असे वाटते. प्रत्यक्षात ते चालू असते, पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलताना दमते. ही तूट भरून काढण्यासाठी चेतातंतू नॉरॲड्रिनॅलिन सोडून त्याला पळवत राहतात. म्हणजे हा रुग्ण बसल्या जागीही परीक्षेतच असतो. त्यात भांडण, शोक वा धास्तीची भर पडली, की ठोके आणखी वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि थकलेल्या बैलापुढचा चढ अधिकच उभा होतो. १९८४ मध्ये अमेरिकेत जे कोहन व सहकाऱ्यांनी अशा १०६ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या रक्तात नॉरॲड्रिनॅलिन जास्त, त्यांना मृत्यूचा धोकाही जास्त होता.

मग हा चाबूकच आवरला तर? स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांना बीटा-ब्लॉकर दिल्याचा अहवाल छापला. या औषधाने हृदयाचा जोर कमी होतो, म्हणून अशा रुग्णांना ते वर्ज्य मानले जाई. पण रुग्ण सुधारले. तरीही वैद्यकविश्वाची खात्री पटायला जवळजवळ पाव शतक लागले. १९९९ मध्ये २,६४७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. औषध न मिळालेल्यांत शंभरामागे सुमारे १७ मृत्यू झाले होते, मिळालेल्यांत १२. आज थोड्या मात्रेने सुरुवात करून हेच औषध दिले जाते.

औषध निरोपाची धार कमी करते. निरोप धाडणारे प्रसंग पुष्कळदा घरातच घडतात. मनावरच्या ताणाच्या खुणा रक्तात मोजता येतात, एवढे मुलांपर्यंत पोचले, तरी आजारी आजोबांशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येईल.