छपरावरचे जंगाल

रेवदंड्याच्या कोटात हिंडताना आमची नजर उगाचच वर जाते. पोर्तुगीजांनी १५२१ साली येथे किल्ल्याचा पाया घातला. १७४० साली तो मराठ्यांकडे गेला. पुढे चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या, छपरे मात्र गेली. छपरावाचून वास्तू टिकत नाही, म्हणून तर पावसाळ्यापूर्वी आपण घरे शाकारतो आणि कौलांवरचे शेवाळ खरवडतो.

परंतु एखाद्याने नव्या घरावर तांब्याचा पत्रा घातला, तर तेथे न्याय उलटा. खाऱ्या वाऱ्याने तांबे आधी तपकिरी, मग काळपट आणि काही वर्षांनी हिरवे होते. हेच जंगाल. चिंचेने हंडे उजळणाऱ्या आमच्या माउल्यांना तो आळशीपणाच वाटायचा! न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली तांबूस होता. तो हिरवा पडल्यावर १९०६ साली त्यास रंग देण्याचा बेत निघाला. लोकांनी विरोध केला. हा थर आतील धातूचे रक्षणच करतो, असे अभियंत्यांनाही आढळले. बेत बारगळला.

तेव्हा अशा छपरावर चिंच-मीठ नको, तारेची घासणीही नको. पाने झाडावीत, पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात. पन्हळ मात्र जस्ती पत्र्याची नसावी. तांब्यावरून ओघळणारे पाणी जस्त खाते. खिळेही तांब्याचेच ठोकावेत.