बंद गॅरेजमधली बुगाटी

आज एका मोटारीचा इतिहास सांगतो. १९३७ साली फ्रान्समध्ये बनलेल्या या बुगाटी अटलांटेचे पहिले मालक होते इंग्लंडचे शर्यतपटू अर्ल हाऊ. मग काही हात बदलून १९५५ मध्ये ती न्यूकॅसलच्या एका डॉक्टरांकडे आली. काही वर्षांनी त्यांनी ती गॅरेजात लावली. तिथे ती जवळपास पन्नास वर्षं राहिली. सगळी मिळून धावली सुमारे ४२ हजार किलोमीटर.

डॉक्टर वारल्यावर, २००९ साली पॅरिसच्या लिलावात ती सुमारे ३४ लाख युरोंना विकली गेली. धुळीने माखलेल्या गाडीला एवढी किंमत? इंजिन, सांगाडा, बॉडी मूळचीच होती आणि प्रत्येक मालकाची नोंद होती.

घरातला माणूस गेल्यावर कागदांसाठी बाईची किती धावपळ होते, हे आपण बघतोच. वस्तू जपतो, तशी तिची नोंदही जपू या.